ड्यूई साइप्सला होडी कुणी दिली

विनिफ्रेड टॉलिव्हरने तो टाईप केलेला कागद दिला तो फक्त तारखा तपासायला. "तुझा रॉइस कोणत्या साली शेरीफ झाला तेवढं बघ, लिओटा. बाकी मजकूर पक्का झालाय," असं म्हणून ती हातमोजे चढवून निघूनही गेली. लिओटा हॅकवर्थने चष्मा लावला, शेगडीवरच्या बीन्सकडे पाठ केली आणि वाचता वाचता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बीन्स खाली लागले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या हातून बीन्स लागल्याची ही पहिलीच वेळ.

कागदावर लिहिलं होतं, 'सदतीस सालच्या पुरात माझे सासरे न्यायाधीश टॉलिव्हर यांनी जातीने उभे राहून कौंटीचे सर्व दस्त वाचवले. तुरुंगातील ड्यूई साइप्स नावाच्या गुन्हेगाराने मात्र त्या गोंधळाचा फायदा घेऊन कौंटीची होडी चोरली व पळ काढला.'

"जातीने उभे राहून!" लिओटा रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली. "टेकडीवर उभा होता मेला! छत्री घेऊन!"

मॅब्रीज लँडिंग हे ओहायो नदीच्या काठचं गाव. कोर्ट इथे, तुरुंग इथे, म्हणून कौंटीतलं मुख्य गाव म्हणायचं, एवढंच. त्या मानाला आता दीडशे वर्षं होणार होती आणि इतिहास मंडळाने जाडजूड पुस्तक काढायचं ठरवलं होतं. पुस्तकाची रीत अशी, की प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहून द्यायचं, सोबत एक फोटो, आणि मंडळाने एक अक्षर न बदलता ते छापायचं. आता आपलं पान आपण लिहायचं म्हटल्यावर काय होणार! त्या पुस्तकाप्रमाणे या कौंटीत दीडशे वर्षांत कुणी दारू प्यायलं नव्हतं, कुणी बायकोवर हात टाकला नव्हता, आणि सगळ्यांचे पूर्वज हातात बायबल घेऊनच होडीतून उतरले होते. ज्या घराने पान पाठवलं नाही, ते घर कौंटीत कधी नव्हतंच. खाली नदीकाठच्या वॉटर स्ट्रीटवरून एकही पान आलं नव्हतं. त्यांच्यापाशी टाईपरायटर नव्हते, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

लिओटाने त्या तुरुंगात वीस वर्षं काढली होती. गुन्हा कोणता, तर शेरीफशी लग्न. तेव्हाची पद्धतच तशी होती. कोर्टाच्या मागे दगडी तुरुंग, त्याच्या पुढच्या निम्म्या भागात शेरीफचं बिऱ्हाड, आणि स्वयंपाकघरातून एक लोखंडी दार सरळ कोठड्यांमध्ये. मतं नवऱ्याला पडायची आणि कैद्यांचा स्वयंपाक बायकोच्या गळ्यात. बायका कैदी आल्या तर त्यांची झडती बायकोने घ्यायची, चादरी बायकोने धुवायच्या, पत्रं बायकोने लिहायची, कारण रॉइसचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. लिओटा शाळा सहावीपर्यंत शिकली होती, पण कौंटीची निम्मी दप्तरं तिच्या हातची होती. कोठड्यांच्या किल्ल्याही तिच्याच ॲप्रनच्या खिशात असत, कारण दिवसातून तीनदा ताटं सरकवायला दार उघडणार कोण? थंडी पडली की गावातले दोन म्हातारे दारुडे मुद्दाम चौकातल्या पुतळ्यावर चढून गाणी म्हणायचे. "पकडून न्या," म्हणायचे, "पण थँक्सगिव्हिंगच्या आधी सोडू नका. टर्कीचा वास येतोय."

सदतीसच्या त्या जानेवारीत पावसाने दहा दिवस उसंत घेतली नव्हती. रॉइस राजधानीला शेरीफांच्या संमेलनाला गेलेला, रस्ते बंद. त्याच्या हाताखालचा माणूस स्वतःच्या घरातलं पाणी उपसत होता. दुपारी जेवणं आटोपत होती तोच मागच्या कोठडीतून हाक आली.

"मिस लिओटा, पाणी माझ्या खाटेखाली आलंय. जज्जसाहेबांना विचारा, पोहायची परवानगी शिक्षेत धरलीय का?"

हा ड्यूई साइप्स. वय एकोणतीस, वॉटर स्ट्रीटचा मासेमार, होडीतच जन्मलेला. न्हाव्याच्या दुकानाची काच फोडली म्हणून तीस दिवस, आणि कोर्टात हसला म्हणून वर आणखी तीस.

लिओटा मागच्या अंगणात गेली. कोर्टाच्या तळघरात दस्तखाना होता, आणि त्या तळघराच्या पायऱ्यांवर पाणी चढत होतं. न्यायाधीश टॉलिव्हर वरच्या दारात उभे राहून ओरडले, "कुणीतरी काहीतरी करा!" आणि छत्री उघडून टेकडीकडे चालू लागले. गावात तरणे पुरुष उरले नव्हते, सगळे वरच्या अंगाला वाळूची पोती टाकायला गेलेले. लिओटाने क्षणभर विचार केला, क्षणभरच, आणि सहाही कोठड्या उघडल्या.

"ऐका रे," ती म्हणाली. "जो पळेल त्याला माझ्या हातचं जेवण पुन्हा नाही."

"रात्री काय आहे?" ड्यूईने विचारलं.

"बीन्स."

"काल बीन्स, परवा बीन्स. बाई, तुम्ही आम्हाला पळायला लावताय!" सगळे हसले, आणि कुणी पळालं नाही.

त्या सहा जणांनी दोन तासांत सव्वाशे वर्षांची कौंटी पाठीवर वाहून दुसऱ्या मजल्यावर नेली. एकेक दस्ताचं पुस्तक भिजलेल्या वासराएवढं जड. आज ज्याच्या त्याच्या शेताला हद्द आहे, घराला मालक आहे, लग्नाला पुरावा आहे, ते त्या दारुड्यांमुळे आणि कोंबडीचोरांमुळे. जज्ज टॉलिव्हरांनी त्यातलं एक पानही उचललं नव्हतं.

मग खालून आरडाओरडा ऐकू आला. वॉटर स्ट्रीट छपरांपर्यंत बुडाली होती. कौंटीची होडी तुरुंगामागच्या शेडमध्ये कुलुपात होती. लिओटाने किल्ली काढली आणि ड्यूईला दिली, कारण त्या पाण्यात होडी वल्हवू शकेल असा तो एकटाच होता. त्याच्या बुटांच्या चिंध्या झालेल्या पाहून रॉइसचे बूट दिले. डाव्या बुटाच्या टाचेला तिने स्वतः ट्यूबचा लाल तुकडा चिकटवलेला होता.

ड्यूई तीनदा गेला. अकरा माणसं आणली, एक बकरी आणली. तिसऱ्या खेपेला त्याची बोटं वल्ह्यावरून सुटेनात. लिओटाने ती एकेक करून सोडवली, कॉफी पाजली. चौथ्यांदा गेला तो परत आला नाही.

चार दिवसांनी रॉइस आला. माणूस वाईट नव्हता, हे लिओटा आजही म्हणते आणि त्याचाच तिला जास्त राग येतो. वाईट असता तर तिने तेव्हाच तोंड उघडलं असतं. तो टेबलापाशी डोकं धरून बसला. "कैदी बायकोने सोडले, एक बुडाला, आणि शेरीफ कुठे होता? शेरीफ हॉटेलात बदक खात होता. लिओटा, नोव्हेंबरात निवडणूक आहे. एवढी होऊ दे, मग मी स्वतः खरं काय ते लिहीन." आणि त्याने वर कळवलं, कैदी होडी चोरून पळाला. ज्या अकरा जणांना ड्यूईने काढलं होतं, त्यातले बहुतेक पुरानंतर डेट्रॉइटला, शिकागोला, वाट फुटेल तिकडे गेले. जे राहिले त्यांना कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये नदीच्या खालच्या अंगाला तीन कौंट्या पलीकडून एक पत्र आलं. पुरुषाचं प्रेत सापडलं आहे, चेहरा ओळखू येत नाही, डाव्या बुटाला लाल रबराचा तुकडा. तुमच्याकडचं कुणी हरवलं आहे काय? पत्रं लिओटाच फोडत असे. तिने ते रॉइसच्या पुढ्यात ठेवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि 'नाही' असं उत्तर पाठवलं. त्या वेळी मात्र तो एक शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. पत्र लिओटाने पिठाच्या डब्यातल्या कागदाखाली सरकवलं. नोव्हेंबर आला, गेला. मग पुढची निवडणूक. मग युद्ध. मग नवा तुरुंग झाला, रॉइस वारला, आणि खोटं तेवढं ठणठणीत राहिलं.

आता ते खोटं छापलं जाणार होतं.

संध्याकाळी तिचा मुलगा जीन आला. जीन यंदा कौंटीच्या कारकुनाच्या जागेसाठी उभा होता. लिओटाने कागद त्याच्यासमोर आपटला.

"वाचलं," तो म्हणाला. "मग काय करायचंय?"

"माझं पान मी लिहिणार. सगळं. तुझ्या बापासकट."

"ममा, तू डॅडला मेल्यावर खोटारडा ठरवणार?"

"मी ठरवत नाही. तो जिवंतपणीच होता. मी त्याच्याशेजारी बसून बटाटे सोलत होते."

"हे बघ," जीन समजुतीच्या सुरात म्हणाला, "निवडणूक होऊ दे. नोव्हेंबरनंतर आपण दोघं जाऊन—"

लिओटाने हातातला डाव ओट्यावर असा हाणला की जीन दोन पावलं मागे सरला.

"तुझा बापही हेच म्हणाला होता! याच टेबलापाशी! तुम्हा हॅकवर्थांचा नोव्हेंबर कधी उलटतच नाही का रे?"

जीन टोपी घेऊन निघून गेला. जाताना म्हणाला, "त्या साइप्स लोकांना तरी विचार, त्यांना हवंय का हे उकरलेलं."

ते तिला लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली नदीवर गेली. ड्यूईची बहीण ओपल साइप्स फेरीबोटीच्या धक्क्याजवळ मासे विकायची. लिओटा गेली तेव्हा ती फळीवर शिंगाळा ठेवून त्याची कातडी सोलत होती.

"मिसेस हॅकवर्थ! आज खाली उतरलात? वर मासे मिळेनासे झाले का?"

"बसू का, ओपल?"

"बाक कौंटीचा आहे. बसा की."

लिओटाने पत्र पुढे केलं. ओपलने हात पुसले नाहीत. कोपराने कागद फळीवर दाबून तिने तो हळूहळू, ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला.

"हे मार्च सदतीसचं आहे."

"हो."

"आणि आज?"

लिओटाने पत्राकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आज जून सहासष्ट आहे, मिसेस हॅकवर्थ. तारीख सांगायला लाज वाटते तर मी सांगते." सुरी ओपलच्या हातातच होती. "माझी आई एकोणपन्नासला गेली. बारा वर्षं डेट्रॉइटहून कुणीही आलं की विचारायची, माझा ड्यूई दिसला का. तो पळाला म्हणून ती खुश होती, ठाऊक आहे? पळाला म्हणजे जिवंत आहे. लोक चोर म्हणायचे, ती म्हणायची, म्हणू द्या, चोर तर चोर. तुमच्या नवऱ्याच्या थापेवर माझी आई बारा वर्षं जगली. आता मी त्याला शिव्या घालू की काय करू, सांगा मला!"

"घाल. मीही घालते."

"तुमच्या शिव्या तुमच्याजवळ ठेवा." ओपलने माशाचं डोकं एका घावात तोडलं. "होडी कुणी दिली?"

"मी दिली. किल्ली माझ्याकडे होती. बूटही मीच दिले."

"किती खेपा केल्या?"

"तीन. चौथ्या खेपेला..."

"तो दमला होता?"

या एका प्रश्नापासून लिओटा एकोणतीस वर्षं पळत होती. तिने रॉइसलासुद्धा हे सांगितलं नव्हतं. नदीवरून कोळशाने भरलेली बार्ज भोंगा वाजवत गेली.

"हो," ती म्हणाली. "थोडा बसतो म्हणाला होता. मी बसू दिलं नाही. क्रेन कुटुंबाची पोरं छपरावर आहेत असं लोक म्हणाले. तो उठला आणि गेला. ती पोरं त्याआधीच दुसऱ्या कुणीतरी काढली होती. मला नंतर कळलं."

ओपलने बादली उचलली आणि आतडी, रक्त, पाणी, सगळं लिओटाच्या पायांवर ओतलं. लिओटा जागची हलली नाही. फेरीबोटीवरचे दोघे-तिघे बघत राहिले.

"जाऊन लिहा," ओपल म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली गेला होता. "तुमच्या हाताने. शेवटचंही लिहा, तो बसतो म्हणाला ते. माझ्याकडे पान मागू नका, आमचं घर तुमच्या पुस्तकात यायला उतावीळ झालेलं नाही. आणि रविवारी मला तो सापडला तिकडे न्या. बस तिथे जात नाही."

लिओटाने दोन दिवस लिहिलं. अनेक ठिकाणी खोडलं, पण स्वतःला वाचवण्यासाठी एकही शब्द खोडला नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पानं द्यायची होती. पावणेबाराला ती वाचनालयात विनिफ्रेडच्या टेबलासमोर उभी राहिली.

विनिफ्रेड बाई तशी निरुपद्रवी. आयुष्यात तिने कुणाचं वाईट केलं नव्हतं, आणि दुसरंही काही केलं नव्हतं. ती वाचत गेली तसे तिचे कान लाल होत गेले.

"लिओटा, डियर, हे... हे छापण्याजोगं नाही."

"का?"

"हे एका कैद्याबद्दल आहे. आपण घराण्यांचा इतिहास छापतो."

"माझ्याच घराण्याचा आहे. माझ्या नवऱ्याची थाप, माझ्या खिशातली किल्ली, माझं एकोणतीस वर्षांचं मूग गिळणं. यात बाहेरचं काय आहे?"

"आणि माझ्या सासऱ्यांची छत्री?"

"ती माझ्या अंगणातून गेली."

पलीकडे वर्तमानपत्र वाचणारा एक म्हातारा खोकला. हसू दाबायचा तोच एक उपाय होता.

"मंडळासमोर ठेवावं लागेल," विनिफ्रेड म्हणाली.

"कशाला? एक अक्षर न बदलता छापायचं, हा नियम कुणी केला? तू केलास. मंडळातल्या वेंडेलच्या पणज्याने एकट्याने चाळीस अस्वलं मारली ते छापलंस ना? कुणी मंडळासमोर अस्वलं मोजली?" लिओटाचा आवाज वाचनालयात शोभत नव्हता. "हे नाही छापलंस तर मी चर्चच्या पायरीवर उभी राहून दर रविवारी वाचेन. माझं बोलणं ऐकलंयस तू. मी वीस वर्षं दगडी भिंतीतून कैद्यांना जेवायला बोलावलंय."

विनिफ्रेडने कागद फाईलमध्ये ठेवला. "पण मी माझं वाक्य बदलणार नाही," ती रडवेल्या हट्टाने म्हणाली. "नियम तो नियम."

"नको बदलू. हॅकवर्थचा एच टॉलिव्हरच्या टीआधी येतो. लोक माझं आधी वाचतील."

घरी जाताना तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. जीनचा फोन आला, तो अर्धा तास ओरडला, तिने फोन ओट्यावर ठेवून भांडी घासली.

रविवारी तिने आपल्या जुन्या फोर्डमधून ओपलला नेलं. ओपल मागच्या सीटवर बसली, जणू टॅक्सीतच बसली आहे. पावणेदोन तासांत ती एवढंच बोलली, "खिडकी उघडत नाही." तिथल्या दफनभूमीच्या रखवालदाराने जुनी वही काढली, बोट फिरवलं, आणि कुंपणाजवळच्या बेवारशांच्या रांगेकडे हात केला. तिथे नुसता सिमेंटचा खुंट होता, त्यावर आकडा.

लिओटा गाडीचं दार उघडायला लागली.

"तुम्ही गाडीत बसा," ओपल म्हणाली.

लिओटा बसली. उन्हाने गाडी भट्टीसारखी तापली होती. तिला रॉइसचा राग आला, टॉलिव्हरांचा आला, त्या पुस्तकाचा आला, आणि सगळ्यांचे राग संपल्यावर जो उरला तो घेऊन ती स्टिअरिंगला धरून बसून राहिली. लांबून ओपल दिसत होती. ती गुडघ्यांवर बसून खुंटाभोवतीचं गवत दोन्ही हातांनी उपटत होती, कुणाचे केस उपटावेत तसं.

परत आली ती पुढच्या सीटवर बसली. दार धाडकन लावलं.

"माफ केलेलं नाही मी तुम्हाला."

"मागितली नाही."

"मागूही नका." बराच रस्ता गेला. मग ओपल बाहेर बघतच म्हणाली, "तो आमच्या घरातून गेला तेव्हा मी पंचवीसची होते. मला त्याचा आवाज नीट आठवत नाही आता. तुम्ही शेवटचे एकोणीस दिवस त्याला पाहिलंत. काय करायचा तो? सांगा. आणि गोड करून सांगू नका."

"सकाळी उठायला नको असायचं त्याला," लिओटा म्हणाली. "मी कॉफी आणली की पांघरुणातूनच म्हणायचा, ठेवा मॅडम, पाहुणे अजून झोपलेत."

ओपल हसली नाही. "पुढे," ती म्हणाली.